कातरीनमावशीची झडती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — आणि त्याला तर मी आमटीत मीठ दोनदा पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगते. मुलांना नाही. आईला तर नाहीच. आई गेली तेव्हा सगळे रडत होते आणि माझ्या मनात आलं, चला, जिच्यापासून लपवायचं असं एक माणूस कमी झालं. आईच्या प्रेताशेजारी बसून ज्या बाईला हे सुचतं तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या. मी अडवणार नाही.

आमच्या पापडी गावाकडे मला लोक फटकळ म्हणतात. फटकळ माणसाच्या पोटात काही राहत नाही, असा सगळ्यांचा समज असतो. बरा समज आहे. त्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं बसले, कुणाला संशयसुद्धा आला नाही.

कुठून सांगू? नोकरीपासून सांगते, म्हणजे निदान सुरुवात तरी सरळ होईल.

मी विमानतळावर, कस्टममध्ये, बायकांची झडती घेत असे. एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमच्या घरच्या वाडीत केळी आणि पानवेली, वडील दिवसभर चिखलात. त्या घरातली मुलगी मॅट्रिक होऊन सरकारी नोकरीला लागली याचं केवढं कौतुक! मला गणवेश होता. आई तो इस्त्री करून दाराला टांगून ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. मी नक्की काय करते हे मात्र आईला कधी नीट कळलं नव्हतं. 'विमानाच्या हापिसात आहे,' एवढंच ती सांगे.

काम काय, तर गल्फहून विमान आलं की सामान तपासणाऱ्या टेबलांजवळ उभं राहायचं. साहेबांनी मान हलवली की त्या बाईला पडद्याआड न्यायचं आणि कपडे उतरवायला सांगायचं. त्या काळात सोनं लपवून आणायचे लोक — अंबाड्यात, चपलेच्या तळव्यात, तान्ह्या पोराच्या लंगोटातसुद्धा. कधीमधी सापडायचं. बहुतेक वेळा काही सापडायचं नाही, नुसती एक घामेजलेली बाई उभी असायची आणि आपण तिला म्हणायचं, झालं, घाला कपडे. ती हूक लावत असायची तोवर आम्ही बाहेर पुढच्या बाईकडे बघत असू. सुरुवातीला मला घरी जेवण जात नसे. मग जायला लागलं.

एक नियम होता. हा नीट ऐका, कारण सगळं त्यावर आहे. अंगझडती घेण्याआधी त्या बाईला म्हणता येतं, मला आधी मोठ्या अधिकाऱ्यापुढे न्या, नाहीतर मॅजिस्ट्रेटपुढे न्या. तिनं तसं म्हटलं की न्यावंच लागतं. त्यांना झडतीचं कारण पटलं नाही तर ती तिथून तशीच घरी. आम्हाला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण बाईला हे सांगतं कोण? रांग खोळंबते. सांगू नका असं कुणी म्हटलं नव्हतं — सांगा असंही कुणी म्हणत नव्हतं. आणि इतक्या लांबून दमून आलेल्या बायांना कुठलं माहीत असणार? कुणी विचारतच नसे. एकीनं विचारलं. तिचंच सांगतेय.

कातरीनमावशी आमच्या शेजारची. आमच्या वाडीला लागून तिचं घर, मध्ये निवडुंगाचं कुंपण, आणि त्या कुंपणाला एक भगदाड — ते कुणी कधी बुजवलं नाही, कारण दोन्ही घरांची ये-जा तिथूनच चालायची. नाताळात तिच्याकडून आमच्याकडे ताट, दिवाळीत आमच्याकडून तिच्याकडे. मला पोहायला तिनंच शिकवलं, बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पोटाखाली हात धरून. मी ओरडायचे, सोडू नको, सोडू नको, आणि ती हसायची. तिचे यजमान पेद्रूकाका भातशेती करायचे, पण त्यात दोन मुलींची शिक्षणं आणि घरावरचं छप्पर निभेना, म्हणून ती कुवेतला एका घरात मुलं सांभाळायला गेली. माझा दादाही तिकडेच, वर्कशॉपमध्ये.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. गल्फहून कुणीही यायला निघालं की तिथले सगळे गाववाले आपापल्या घरासाठी पुडी त्याच्या हाती द्यायचे. साबण, कापड, खजूर. पुडीवर घराचं नाव ठळक अक्षरांत. आणि आणणाऱ्यानं ती उघडून बघायची नाही! उघडणं म्हणजे देणाऱ्यावर संशय घेणं. मग तो परत तोंड दाखवील का? कुणाच्याही पुडीत काय आहे हे न बघता आमची माणसं ती उराशी धरून समुद्र ओलांडायची. विमानतळावर काम करणाऱ्या मला ठाऊक होतं हे किती धोक्याचं आहे. मी कधी कुणाला सांगितलं नाही. आपल्या माणसांना असं सांगणं शोभत नाही, असं वाटायचं — का कंटाळा होता? बहुधा कंटाळाच.

त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. दादाचा एक मित्र सुट्टीवर आला तो आमच्या ओटीवर बसून आईला हळूच म्हणाला, सुमनसाठी पाठवलंय त्यानं, कातरीनबायच्या हाती. खजुराच्या डब्यात, खाली. तिला ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका. आईचा चेहरा असा उजळला! मला मात्र लगेच कळलं. सोनं. आमच्याच टेबलावरून जाणार. आणि डब्यावर आमच्या घराचं नाव.

ती या महिन्यात येणार होती. नेमकी कधी, कुणालाच माहीत नव्हतं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कुवेतचं विमान उतरलं की मी आधी रांगेत तिला शोधायचे. डबा उघडला तर? माझं आडनाव वाचलं तर? नोकरी जाईल ती जाईल, वर चौकशी, वर्तमानपत्रात नाव, ठरत आलेलं लग्न... तुम्ही म्हणाल, मग रजा का नाही घेतलीस? विचार केला होता. पण मी नसताना उघडला गेला तर मला काहीच करता येणार नाही. मी तिथंच असलेली बरी. आता हे लिहिताना कळतंय — म्हणजे मी काहीतरी करायचं हे आधीपासून ठरलेलंच होतं. नुसतं काय करायचं ते ठरलं नव्हतं.

ती आली दुपारच्या विमानानं. मी तिला लांबूनच ओळखलं. वाळली होती. चॉकलेटी साडी, केस तसेच घट्ट बांधलेले, ढकलगाडीवर दोन बॅगा आणि वर एक खोका. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा इतका सैल झाला, इतका, की मी पटकन दुसरीकडे बघितलं. तिला वाटलं, आपलं माणूस भेटलं.

त्या दिवशी टेबलावर एक तरुण साहेब होते. नवीन, कडक, सगळं उचकून बघणारे. त्यांनी तिचा खोका उघडला. कापड निघालं, दुधाच्या पावडरीचे डबे निघाले. आणि मग मला तो दिसला — चौकोनी पत्र्याचा डबा, भोवती चिकटपट्टी, वर दादाच्या अक्षरात आमचं नाव. साहेबांचा हात त्याच्याकडे चालला होता.

अशा वेळी माणसाचं डोकं फार भराभर चालतं. मला माहीत होतं, अंगझडतीत काही सापडलं नाही की आमचे साहेब लोक ओशाळायचे. मग सामानाला फारसा हात न लावता खडूची खूण करून सोडून द्यायचे. रोज बघत होते मी. आणि मला दिसत होतं की मावशी डावा हात छातीशी धरून, अवघडून उभी आहे.

मी साहेबांजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हटलं, "साहेब, ही बाई छाती सांभाळून चालतेय. बघू का?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी मान हलवली.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं, की मी तिलाच वाचवलं. सोनं सापडलं असतं तर पकडली तीच गेली असती ना? बिचारीला काही माहीत नव्हतं! हे खरंही आहे. पण तुम्हाला खोटं सांगायचं तर हे लिहायला बसले कशाला? तो डबा बघितला तेव्हा मला ती आठवलीच नाही. मला माझा दाराला टांगलेला गणवेश आठवला. ती वाचली असेल तर माझ्या मागोमाग, चुकून.

पडद्याआड एक छोटी जागा होती, प्लायवूडचा आडोसा, कपडे टांगायला खिळे, टेबल, वर ट्यूबलाइट. आत आल्याबरोबर तिनं माझा हात धरला. "बरं झालं गो सुमन, तू हाय ती. मना वाटलं आता कोन मिलते न काय."

मी म्हटलं, ब्लाऊज काढ.

आधी तिला थट्टा वाटली. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिचा तो हात तसाच छातीशी होता. आणि मग तिनं विचारलं. अगदी हळू, अजिजीनं, एखाद्या पोरीनं बाईंना विचारावं तसं.

"नाय म्हनता येतं काय गो? कोना मोठ्या सायबाला सांगता येल?"

तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला नियम ठाऊक नव्हता. तिच्या मनानं तो आपोआप शोधून काढला होता, कायदा करणाऱ्यांनी जसा लिहिला होता जवळजवळ तसाच. आणि मला तो पाठ होता. 'हो' म्हणायचं होतं फक्त. पण मोठे साहेब आले असते तर सगळं पहिल्यापासून तपासलं गेलं असतं — बॅगा, खोका, डबा.

मी म्हणाले, "नाही. असं काही नसतं."

यापुढचं मला भराभर सांगू द्या.

तिनं ब्लाऊज काढला. डावीकडे छाती नव्हती. आडवा, लालसर, जाड व्रण होता काखेपर्यंत, आणि अजून पुरता सुकलेला नव्हता. त्या जागी आतल्या कपड्याला तिनं एक मऊ पिशवी शिवून घेतली होती, हातानं, बारीक टाके घालून. कुवेतच्या इस्पितळात ऑपरेशन झालं होतं. तिनं घरी कुणाला कळवलं नव्हतं. आल्यावर, चार दिवस गेल्यावर, पेद्रूकाकांना एकटं गाठून ती स्वतःच्या तोंडानं सांगणार होती. हे सगळं ती मला खालमानेनं सांगत होती आणि मी ती पिशवी बघत होते.

पिशवी उघडून बघणं भाग होतं. तो नियम मात्र मी पाळला! कात्रीनं टाके कापले. आत तांदूळ होते. वजन बरोबर यावं म्हणून भरलेले तांदूळ. ते टेबलावरून खाली सांडले, आणि ती तशीच, उघड्या अंगानं, खाली बसून ते गोळा करायला लागली. भातशेती करणाऱ्या घरातली बाई. तांदूळ पायाखाली येऊ नयेत एवढंच तिला त्या क्षणी सुचलं असेल. मी वाकले नाही. मी पडद्याच्या फटीतून टेबलाकडे बघत होते, साहेब डब्याला हात लावतायत का ते.

तिनं सुईदोरा मागितला. बाहेर पेद्रूकाका आणि मुली उभ्या होत्या, अशी कशी जाऊ, म्हणाली. माझ्याकडे सुईदोरा होता की नाही ते आता आठवत नाही. — खोटं. आठवतं. गणवेशाची बटणं तुटायची म्हणून पर्समध्ये कायम असायचा. मी म्हटलं, नाहीये, पदर ओढून घे, चल.

साहेबांना मी मान हलवून सांगितलं, काही नाही. ते ओशाळले. खडूची खूण झाली. ती ढकलगाडी घेऊन निघाली, एका बाजूनं रिकामी, पदर पुढे ओढलेला, आणि काचेच्या दाराबाहेर तिची माणसं हात हलवत होती. धाकटी मुलगी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. मावशी कळवळली असावी, कारण मुलगी एकदम मागे सरकली आणि बघतच राहिली. मग पेद्रूकाकांनी बघितलं. मी काचेच्या अलीकडून पाहिलं त्यांचं तोंड. त्यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिच्या अंगावर पांघरला, आणि ती तिथंच, त्या सगळ्या गर्दीत, रडायला लागली. मी पुढच्या बाईकडे वळले. मला काय वाटलं सांगू? मला हायसं वाटलं. डबा बाहेर गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणाच्या भगदाडातून आमच्याकडे आली. डबा घेऊन. न उघडलेला, चिकटपट्टी जशीच्या तशी. आईला म्हणाली, "सुमन होती म्हनून निभावलं. दुसरी कोन असती तं काय केलं असतं माजं, देव जाने." आईनं तिला चहा दिला, तिचं दुखणं ऐकून डोळे पुसले, आणि ती गेल्यावर खजूर परातीत उपसले. त्या सोन्याच्या बांगड्या झाल्या. मी लग्नात घातल्या. अजूनही आहेत.

पुढच्या वर्षी मावशीचं दुखणं उलटलं. व्रण चिघळला. रोज धुऊन पट्टी बांधावी लागे, आणि ती कुणाला हात लावू देईना. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, चर्चकडून येणाऱ्या सिस्टरलाही नाही. शेवटी तिनं पेद्रूकाकांना सांगितलं, सुमनला बोलवा. तिनं पाहिलंय मना. तिची काय लाज?

मी गेले. माझं सासर जवळच होतं. ड्युटी करून रोज जायचे. कोमट पाण्यात कापूस बुडवून धुवायचे, मलम लावायचे, पट्टी बांधायचे. मी पडद्याआड तिला ओरबाडलं होतं त्याचं तिच्या मनात हे झालं होतं — की जगात एक बाई आहे, जिच्यासमोर लाजायचं काही उरलेलं नाही. गावात माझं नाव झालं. शेजारधर्म बघा, म्हणायचे लोक. सासूबाई चार बायकांत सांगायच्या. आणि मी ते ऐकून घ्यायचे. कधीकधी, आता सांगूनच टाकते, ते मला गोडही लागायचं.

सांगायला वेळ किती होता! रोज तासभर आम्ही दोघीच. एकदा पट्टी बांधताना तिनंच विचारलं, "तुज्या हापिसात सगल्या बायांना असंच करतात काय गो?"

मी म्हटलं, हो.

"मग चालतं," ती म्हणाली. "मना वाटायचं माजंच काय चुकलं. सगल्यांनाच हाय, सरकारचा कायदाच हाय, तं कोन काय करनार." आणि तिनं डोळे मिटून घेतले. तिला बरं वाटलं होतं, हे मला दिसत होतं. मरणाऱ्या माणसाचा एवढा दिलासा कशाला मोडायचा, असं मी स्वतःला सांगितलं. छान वाक्य आहे. पण त्या वेळी मी घाबरले होते. खरं सांगितलं असतं तर तिनं मला पट्टी बांधू दिली नसती, आणि ती का देत नाही ते गावानं विचारलं असतं. एवढंच होतं ते.

ती पावसाळ्याआधी गेली. तिचं सांगणं होतं म्हणून तिला शेवटचे कपडे मीच घातले. तिची लग्नातली साडी होती. मुलींनी विचारलं, ताई, डावीकडे काही भरू या का, आईला आवडलं असतं. आम्ही कापूस भरला.

दफन झाल्यावर पेद्रूकाका चर्चच्या आवारात, सगळ्या लोकांसमोर, माझ्याकडे आले. त्यांनी दोन्ही हात जोडले. आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरीला, वाकून. म्हणाले, "पोरी, माज्या बायकोची लाज तू राखली."

मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.